घरची शाळा आणि एक कागद

मागे एक आई प्लास्टिकची फाइल घेऊन भेटायला आली. आत मुलीच्या पक्ष्यांच्या नोंदी, बाजारहिशेबाची वही, फुलपाखरांची चित्रं. मुलगी अकरा वर्षांची. तिसरीनंतर शाळेची पायरी चढलेली नाही. आवाज बारीक करून आईने विचारलं, "सर, हे बेकायदा तर नाही ना? उद्या नोटीस आली तर?"

मी विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला घेतलाय का?"

नव्हता घेतला.

नोटिशीची भीती सगळ्यांना असते, दाखल्याची आठवण क्वचित कुणाला. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्याच्या कलम 10 ने पालकांचं कर्तव्य ठरवलंय. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा त्या कायद्यात कुठेच नाही. घरी शिकवायला परवानगी काढा, नोंदणी करा, असंही तो सांगत नाही. थोडक्यात, डोक्यावर छत्र नाही आणि पाठीवर छडीही नाही.

खरं अडतं ते पुढे. मुंबईच्या मालविका जोशीचं नाव घरी शिकवणारे पालक हमखास घेतात. सातवीनंतर तिने शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार मात्र तिला बंदच होतं, हा भाग सांगायचा राहून जातो. अशी पदकं हजारात एखाद्याला मिळतात. बारावी कुणालाही करता येते.

त्यासाठी सरळ वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. विषय पाच, परीक्षा वर्षातून दोनदा. बारावीही तिथूनच होते आणि जेईई मेनला ती चालते; फक्त पाच विषय हवेत आणि त्यांत भौतिकशास्त्र, गणित सुरुवातीलाच धरायला हवेत. राज्य मंडळातूनच परीक्षा द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथे दाखल्याची मूळ प्रत मागतात. पुढे जातीचा दाखला काढायला गेलात तरी पहिला प्रश्न तोच.

घरी जमलं नाही तर? चौदाच्या आतल्या मुलाला कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही, हे कलम 14 मध्ये आहे. तेव्हा 'परतीचे दोर कापले' असं म्हणणाऱ्या सासूबाईंना एवढं वाचून दाखवा.

पक्ष्यांची वही मी बराच वेळ चाळत बसलो होतो. तांबटाच्या आवाजाची वेळही मुलीने टिपली होती. जाताना आईला म्हटलं, शिकवणं तुमचं छान चाललंय, उद्या आधी जुन्या शाळेत जाऊन दाखल्याचा अर्ज द्या. मिळाला की चार झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत घरातल्या कपाटात ठेवा, या फाइलमध्ये नको.