पदवीचा हिशोब

बारावीचा निकाल लागला, की आमच्या ओट्यावर मंडळी येतात. "गुरुजी, पोराला पुण्याला घालतो. दोन एकर विकावं म्हणतो." आम्ही म्हणतो, बसा. आधी हिशोब मांडू.

आमच्या तरुणपणी नांदेड-लातूरची कॉलेजे औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याचे. लातूरला उपकेंद्र आहे.

आता खर्च पहा. फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. खोली, खानावळ, जाणे-येणे हेच जास्त खाते. पोर घरचा डबा घेऊन लातूरला गेले, तर हे पैसे वाचतात. सरकारी शिष्यवृत्ती असते. तिचा अर्ज सेतू केंद्रातून भरता येतो. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि पदवीची किंमत? राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते. ती नांदेडची की पुण्याची, हे तेथे कोणी पाहत नाही. पण नुसते नाव घालून, परीक्षेपुरते कॉलेजात गेले, तर पदवी मिळते, काम येत नाही. आम्हीच एकदा एका शेतकऱ्याला सांगितले, "बी.ए. करू द्या, नोकरी लागेल." पोरगा पास झाला आणि तीन वर्षे घरी बसला. चूक आमची. कोणता विषय, त्यावर पुढे कोणते काम, हे आम्ही विचारलेच नव्हते.

आता तेच आधी विचारतो. तुम्हीही कॉलेजात जाऊन विचारा. शिकवणारे पुरते आहेत काय? प्रयोगशाळा रोज उघडते काय? मागची पोरे कोठे कामाला लागली? दोन एकरांचे मग बघू.