म्हातारबुवांचे हत्यार

बिनतारी संदेशवहनाचा शोध लागल्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील तरुणांना एका नव्या छंदाने झपाटले. तांब्याच्या तारेचे वेटोळे, विशिष्ट खनिजाचा एक खडा, कानाला लावायचा श्रवणक आणि छपरावर ताणलेली लांब तार, एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी ग्राहकयंत्र सिद्ध होई. संदेश पाठवावयाचा झाल्यास विजेच्या ठिणग्या पाडणारे यंत्र लागे. मोर्सच्या लिपीत टिंब आणि रेघ अशा दोनच खुणा. कळ दाबून त्या कट्ट-कडकट्ट उमटवावयाच्या आणि दूरच्या एखाद्या अनोळखी मित्राने त्या कान देऊन टिपावयाच्या! या उद्योगात कोणालाही एका पैशाची प्राप्ती होत नसे. केवळ हौसेखातर ही मंडळी रात्र रात्र जागत.

तारकचेरीतील कसलेले तारमास्तर आपल्या अडाणी सहकाऱ्याला 'हॅम' म्हणून हिणवीत. तोच शब्द या हौशी मंडळींनाही चिकटला. त्यांनी मात्र त्याचा राग मानला नाही. उलट, ते स्वतःच आनंदाने 'आम्ही हॅम' असे म्हणू लागले. स्वतःवर हसण्याची ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

छंद मोठा सुखाचा होता. परंतु त्यात एक अडचण होती. घरे वेगवेगळी, यंत्रे वेगवेगळी. पण संदेश वाहून नेणारे आकाश मात्र सर्वांचे एकच. त्या काळच्या ठिणगीयंत्राची लहर फार पसरट असे. एकाने कळ दाबली, की आसपासच्या सर्वांच्या कानांत तिचाच खडखडाट भरे. त्यातच १९१२ च्या कायद्याने अमेरिकेतील हौशी मंडळींसाठी २०० मीटर व त्याहून आखूड अशा लहरीच तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. या लहरी फार दूर पोहोचत नाहीत, अशी तेव्हा जाणत्यांची समजूत होती. गावाबाहेरची पडीक जागा मुलांना खेळावयास द्यावी, तसाच हा प्रकार झाला. त्या चिंचोळ्या जागेत सर्वांची एकच झुंबड उडाली.

कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरी हायरम पर्सी मॅक्झिम नावाचे एक अभियंता राहत असत. त्यांचे वडील मशीनगनचे जनक म्हणून प्रसिद्ध होते. चिरंजीवांनी मात्र बंदुकीचा आवाज दाबणारे साधन शोधून काढले होते. १९१४ साली एकदा त्यांना स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी गृहस्थाला संदेश पाठवावयाचा होता. अंतर सुमारे ३० मैल. पण संदेश काही केल्या पोहोचेना. तेव्हा वाटेवरील विंडसर लॉक्स या गावच्या एका हौशी मित्राने तो ऐकून घेतला आणि पुढे धाडला. या लहानशा साहाय्याने मॅक्झिम यांना एक मोठी कल्पना सुचली. गावोगावच्या हौशी मंडळींनी एकमेकांचे निरोप असे हातोहात पुढे नेले, तर संपूर्ण देश जोडला जाईल! त्याच वर्षी 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था स्थापन झाली. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये 'क्यू.एस.टी.' हे तिचे मासिक निघाले.

मुले कानगोष्टींचा खेळ खेळतात. पहिल्याने 'आंबा' म्हणावे आणि शेवटच्याने 'तांब्या' ऐकावे, अशी त्यात गंमत होते. परंतु खराखुरा निरोप असा बदलला, तर ती गंमत राहत नाही. मधल्या प्रत्येकाने मन लावून ऐकले, तरच निरोप जसाच्या तसा पोहोचतो. नेमक्या या ऐकण्याच्याच नावाने तेव्हा आनंदीआनंद होता! कोणी 'सर्वांनी ऐका हो' अशी दवंडी पाच-पाच मिनिटे पिटीत. पण ती कोण पिटतो आहे, हे सांगावयास विसरत. कोणी आपला हात किती जलद चालतो, हे दाखविण्यासाठी अक्षरांची नुसती आतषबाजी करीत. समोरच्याने तितक्याच वेगाने उत्तर दिले, की यांची बोबडी वळे! कोणी 'यंत्राची चाचणी घेतो' म्हणून सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खडखडाट चालू ठेवीत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हेच खरे.

अशा लोकांना उपदेश करावा, तर तो ऐकणार कोण? १९१७ च्या आरंभी 'क्यू.एस.टी.' मासिकात या गोंगाटावर झोड उठविणारा एक लेख आला. लेखकाने आपले खरे नाव न देता 'म्हातारबुवा' अशा अर्थाची सही केली होती. हे म्हातारबुवा मोठे तिरसट, जिभेचे तिखट. पण मनाचे प्रेमळ. त्यांचे लेख वाचून वाचक पोट धरून हसत आणि हसता हसता चपापत. कारण ज्याची टर उडविली, तो बहुधा वाचकाच्या ओळखीचाच असे. पुष्कळदा तर तो वाचक स्वतःच असे!

आकाशातील पुंडांना वठणीवर आणण्यासाठी म्हातारबुवांनी दोन भयंकर हत्यारांचा उल्लेख केला. एकाचे नाव 'वूफ हाँग', दुसऱ्याचे 'रेटीस्निच'. पहिल्याचा धाक शिस्तीसाठी, दुसऱ्याचा सभ्यतेसाठी. ही नावे कोणत्याही शब्दकोशात नव्हती. ही हत्यारे कशी दिसतात, ती कशी चालवावयाची, याचा थांगपत्ता कोणालाच नव्हता. साहजिकच, जे ठाऊक नाही त्याची भीती अधिक वाटू लागली.

पुढे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हौशी मंडळींची केंद्रे बंद ठेवावी लागली. १९१९ साली, केंद्रे पुन्हा सुरू होण्याची चिन्हे दिसत असता, म्हातारबुवांनी संस्थेकडे एक पुडके पाठविले. त्यात साक्षात 'वूफ हाँग' होते! ओबडधोबड लाकडाचे तुकडे तारेने करकचून बांधून केलेली ती एक विचित्र वस्तू होती. संचालकांच्या सभेत ती गंभीरपणे मेजावर ठेवण्यात आली. ती पाहताच प्रत्येकाचा चेहरा पांढराफटक पडला, असे मासिकाने तितक्याच गंभीरपणे छापले. मग ती चौकटीत बसवून कार्यालयात टांगण्याचा ठराव झाला.

१९३६ साली मॅक्झिम यांचे निधन झाले. त्यानंतर वाचकांना एक गुपित कळले: ते तिरसट म्हातारबुवा म्हणजे स्वतः मॅक्झिमच होते! संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी आज्ञा काढली असती, तर काहींनी ती पाळली असती आणि काहींनी धुडकावली असती. पण विनोदाला कोण धुडकावणार? बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या या गृहस्थाने आकाशातला गोंगाट हास्याने दाबला.

म्हातारबुवांच्या थट्टेमागचा व्यावहारिक उपदेश अगदी साधा आहे. तो हॅम मंडळी आजही नवशिक्यांना देतात. पहिली गोष्ट, आधी ऐकावे, मग कळ दाबावी. त्या लहरीवर दुसरे कोणी बोलत असेल, तर थांबावे. दुसरी गोष्ट, समोरच्याला झेपेल त्याच गतीने संदेश पाठवावा. कुशल माणूस नवशिक्यासाठी आपली गती कमी करतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तिसरी गोष्ट, आपली खूण स्पष्ट सांगावी; निनावी ओरडू नये. चौथी गोष्ट, थोड्या शक्तीने काम होत असेल, तर अधिक शक्ती वापरू नये. १९२८ साली पॉल सेगल यांनी हॅम मंडळींसाठी एक आचारसंहिता लिहिली. या छंदापायी घर, काम आणि शाळा यांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये, असेही तिच्यात बजावले आहे.

विनोद तर त्यांच्या भाषेतच मुरलेला आहे. कोणत्याही पुरुषाला ते 'म्हातारबुवा' म्हणतात, मग तो बारा वर्षांचा शाळकरी मुलगा का असेना! उलट, ऐंशी वर्षांच्या आजीबाईही त्यांच्या लेखी 'तरुण मुलगी'च. निरोप घेताना '७३' एवढा आकडा पाठविला, की त्याचा अर्थ 'सप्रेम शुभेच्छा'. मोर्सच्या लिपीत हसणेही आहे. आधी चार टिंबे, मग दोन टिंबे. ती कानांवर पडली, की हजारो मैलांवर कोणी तरी खुदकन हसले, असे समजावे.

या साऱ्या शिस्तीचे फळ काय? १८ ऑक्टोबर १९२४ या दिवशी न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथील मेंढपाळीच्या मळ्यावरून फ्रँक बेल यांनी संदेश पाठविला. लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने तो ऐकला आणि त्याला उत्तर दिले. दोघांमध्ये सुमारे १९ हजार किलोमीटर अंतर होते; म्हणजे एक पृथ्वीच्या या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला! निरुपयोगी म्हणून ज्या आखूड लहरी हौशी मंडळींच्या पदरात पडल्या, त्यांनीच हे अंतर जिंकले. इतक्या दुरून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. शेजाऱ्याने त्या वेळी विनाकारण कळ दाबली, तर तो बुडून जातो. हाच गॉयडर १९३६ साली भारतात आला आणि आकाशवाणीचा मुख्य अभियंता झाला.

क्षीण संदेश केवळ विक्रमाचाच असतो असे नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारतातील काही हौशी मंडळी अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे गेली होती. तेथून जगभरच्या मित्रांशी बोलावे, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामीच्या लाटा आदळल्या. दूरध्वनी बंद पडले. बेटांवर काय घडले, कोण वाचले, कोण हरवले, हे मुख्य भूमीवरील नातेवाइकांना कळेना. तेव्हा या मंडळींनी खेळ थांबविला आणि त्याच यंत्रांवरून खुशालीचे व मदतीचे निरोप पोहोचविण्यास प्रारंभ केला. अशा प्रसंगी एक केंद्र सूत्रे हाती घेते. ज्याला पुकारावे त्यानेच बोलावयाचे, इतरांनी शांत राहावयाचे. गप्प राहून ऐकणारेही तेव्हा बोलणाऱ्याइतकेच मोलाचे काम करीत असतात.

भारतात हा छंद करावयाचा, तर परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. यंत्राची माहिती, नियम आणि शिस्त, हे सारे अभ्यासावे लागते. 'वूफ हाँग'चा मात्र त्या अभ्यासक्रमात समावेश नाही. ते अमेरिकेत संस्थेच्या मुख्य कचेरीत जपून ठेवले आहे. आजवर ते कोणाच्याही पाठीत बसलेले नाही. तरीही कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून ऐकणारा प्रत्येक हॅम त्याचा मान राखीत असतो.

स्वाध्याय

१. हौशी मंडळींनी 'हॅम' या नावाचा राग का मानला नाही?
२. विंडसर लॉक्स येथील मित्राच्या साहाय्यातून मॅक्झिम यांना कोणती कल्पना सुचली?
३. 'विनोदाला कोण धुडकावणार?' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. 'गप्प राहून ऐकणारेही मोलाचे काम करतात,' याचे एक उदाहरण पाठातून व एक स्वतःच्या अनुभवातून द्या.
५. वाक्यांत उपयोग करा: बोबडी वळणे, वठणीवर आणणे, झोड उठविणे, थांगपत्ता नसणे.