ओल आणि जोत्यावरचे दीड इंच

जुलै महिन्यात हॉस्टेलच्या तळमजल्यावर राहणाऱ्याला ओल म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. भिंतीला टेकलं की शर्टाला चुना लागतो, बॅगेतल्या कागदांवर बुरशी येते आणि रंगाचे पोपडे कॉटवर पडतात. तरीही 'डीपीसी' ही तीन अक्षरं सिव्हिलवाले व्हायवापुरती पाठ करतात आणि बाकीच्या ब्रँचना वाटतं, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या बांधकाम निघणार. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, जरा बघ," असं म्हणून घरचे आपल्यालाच जोत्यापाशी उभं करणार. हा धडा त्या दिवसासाठी.

पाणी वर चढतं कसं?

वीट दिसायला घट्ट, पण आतून ती बारीक नळ्यांचं जाळं आहे. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं, हे आपण बारावीला केशाकर्षणात शिकलो. नळीची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली तर गणिताने पाणी जवळजवळ दीड मीटर चढतं. प्रत्यक्षात वाटेत काही पाणी वाळून जातं, म्हणून ओलीची रेघ बहुधा कमरेपर्यंत येऊन थांबते.

वीट पाणी किती पिते? आयएस १०७७ प्रमाणे नेहमीच्या विटेने २४ तास थंड पाण्यात बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी घेऊ नये. म्हणजे तीन किलोची पास झालेली वीटसुद्धा ६०० ग्रॅमपर्यंत पाणी पिऊ शकते. हजार विटांच्या भिंतीचा हिशेब ६०० लिटर! आता कर्जत-खालापूरचा पाऊस आठवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात भातशेतीची चिकण जमीन पाणी धरून ठेवते आणि खाली काळा पाषाण पाणी मुरू देत नाही. अशा शेतातच प्लॉट पाडून घरं उभी राहतात. पाया चार महिने पाण्यातच असतो म्हणा ना.

शिवाय पाणी एकटं येत नाही. जमिनीतले क्षार घेऊन येतं. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक विटेच्या छिद्रांत फुगतात आणि वीट आतून फोडतात. यालाच आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात. हाताने घासलं तरी विटेची पूड निघते.

जुने लोक काय करायचे?

त्यांच्याकडे डीपीसी नव्हती, पण अक्कल होती. काळ्या दगडाचं उंच जोतं, कारण दगड विटेसारखं पाणी ओढत नाही. छप्पर भिंतीच्या खूप बाहेर, म्हणजे पागोळ्या पायापासून लांब पडतात. पश्चिमेकडून झड येते म्हणून तिकडे पडवी, नाहीतर पेंढ्या-झावळ्यांचा आडोसा. पावसाळ्याआधी शाकारणी ठरलेली. आज स्लॅबची घरं आली, छज्जा वीतभर उरला आणि पागोळी थेट पायावर पडायला लागली.

मग करायचं काय?

जोत्याचं बांधकाम संपलं की वरच्या भिंतीची पहिली वीट ठेवण्याआधी पूर्ण रुंदीवर १:२:४ काँक्रीटचा ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंच थर घालायचा. त्यात वॉटरप्रूफिंग पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायची. थर सलग हवा, कोपऱ्यात तुटता कामा नये. तो आठवडाभर पाणी मारून पिकवायचा, वाळला की वर गरम डांबराचा हात द्यायचा. हा थर बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर पाहिजे. आपल्या भागात जोतंच दीड-दोन फूट ठेवलेलं बरं.

खर्च? ६ बाय ४.५ मीटरचं, मधे एक आडवी भिंत असलेलं छोटं घर घ्या. भिंतींची लांबी २५.५ मीटर, जाडी २३० मिलिमीटर. काँक्रीट येतं पाव घनमीटरहून थोडं कमी. सिमेंट लागतं साधारण दीड पोतं. घरकुलाचे पैसे संपत आले की नेमकं हे दीड पोतं वाचवलं जातं. भिंत उभी राहिल्यावर तो थर सहज घालता येत नाही. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या माणसाने ही बचत करू नये, हे सांगायला कुणीतरी तिथे असायला हवं.

घातलेली डीपीसी वाया कशी जाते?

एक, नंतर अंगणात भराव घालून किंवा पेव्हर ब्लॉक बसवून जमीन डीपीसीच्या वर नेली जाते. दोन, बाहेरचं प्लास्टर सलग मातीपर्यंत उतरवलं जातं. ओल मग डीपीसीला वळसा घालून प्लास्टरमधून चढते. तीन, भिंतीलगत फुलझाडांचा वाफा. यापेक्षा घराभोवती पाऊण ते एक मीटर रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करावा आणि त्यापुढे गटार.

जुन्या घराचं काय?

आधी रोग ओळखा. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर तो हवेतला दमटपणा आहे, खिडक्या उघडा. भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. ते कमरेखालीच असेल तर जमिनीतून, वर कुठेही असेल तर पावसाचं किंवा पाइपचं.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर आतून जाड सिमेंट प्लास्टर चढवणं हा उपाय नाही. पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर जाते. आधी भराव खाली घ्या, गटार काढा, पागोळीला पन्हळ लावा. एवढ्याने भागलं नाही तर भिंतीच्या तळाशी ओळीने भोकं पाडून सिलेन-सिलोक्सेनचं रसायन भरतात, पण ते जाणकार माणसाकडूनच. पुराचं पाणी घरात शिरलं, जसं २६ जुलै २००५ ला उल्हास नदीकाठी झालं, तर डीपीसीही काही करू शकत नाही. तिथे जागा निवडतानाच विचार हवा.

आणि रंगाची घाई नको. भिंत वाळायला इंचाला एक महिना, असा जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीचा हिशेब तुम्हीच करा. पावसाळ्यात चिंब झालेली भिंत दिवाळीला रंगवली तर पुढच्या गणपतीपर्यंत पोपडे येणारच. रंग एप्रिल-मे महिन्यात काढा.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात आणि जोतं तयार दिसलं, तर गवंडीमामांना दोनच गोष्टी विचारा: डीपीसी कधी घालताय, आणि अंगणाची शेवटची पातळी कुठे येणार? उत्तरं मिळेपर्यंत पहिली वीट ठेवू देऊ नका.