‘ताटली घेऊन या’ म्हणजे काय? : ऑस्ट्रेलियन बोलीची तोंडओळख

इंग्रजी एकदा आली की ती जगात कोठेही चालते, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. ऑस्ट्रेलियात उतरलेल्या पाहुण्याचा हा समज लवकरच डळमळू लागतो. ‘हाउ आर यू गोइंग?’ असे कोणी विचारले तर ‘बसने’ असे उत्तर द्यावयाचे नसते. तो ‘काय, बरं आहे ना?’ एवढेच विचारत असतो. मेजवानीला बोलावताना ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हटले तर रिकामी ताटली नेऊन भागत नाही; तिच्यात सर्वांना वाटून खाता येईल असा पदार्थ हवा. ‘टी’चे आमंत्रण पुष्कळदा चहाचे नसून रात्रीच्या जेवणाचे असते. ‘आय ॲम क्रूक’ म्हणणारा माणूस लबाडीची कबुली देत नाही, त्याला बरे वाटत नसते. आणि ‘थाँग्ज’ म्हणजे पायांतल्या रबरी सपाता!

शब्द तोडणे ही या बोलीची मोठी खोड. आफ्टरनूनचे ‘आर्व्हो’, ब्रेकफास्टचे ‘ब्रेकी’, मॉस्किटोचा ‘मॉझी’, पेट्रोल पंपाचे ‘सर्व्हो’. माणसांची नावेही यातून सुटत नाहीत. बॅरीचा ‘बॅझा’ होतो, शॅरनची ‘शॅझा’. आपण याचे नवल करू नये. रमेशचा रम्या आणि प्रकाशचा पक्या करताना आपण तरी दुसरे काय करतो? ‘येअ, ना’ असे होय आणि नाही एका दमात म्हटले, तर तो बहुधा सौम्य नकार समजावा. हेही विचित्र नाही. आपल्याकडे निघालेला माणूस ‘येतो’ असेच म्हणतो.

या बोलीची मुळे शोधू गेल्यास १७८८ सालापर्यंत जावे लागते. त्या वर्षी ब्रिटिशांनी कैद्यांची पहिली जहाजे सिडनीला आणली. जेम्स हार्डी व्हॉ नावाच्या एका कैद्याने १८१२ मध्ये चोरांच्या भाषेचा छोटा कोश तयार केला. त्या भाषेत ‘स्वॅग’ म्हणजे चोरीचा माल. पुढे तोच शब्द कामासाठी गावोगाव भटकणाऱ्या मजुराच्या पथारीला लागला. मूळ रहिवाशांचे शब्दही इंग्रजीत मिसळले. कष्टाच्या कामाला ‘हार्ड यक्का’ म्हणतात, त्यातील ‘यक्का’ हा ब्रिस्बेन भागातील यागारा भाषेतला.

उच्चारांची गंमत तर वेगळीच. १९६४ मध्ये मोनिका डिकन्स ही इंग्लिश लेखिका सिडनीत आपल्या पुस्तकांवर सह्या करीत होती. एका बाईने पुस्तक पुढे करून ‘एमा चिझिट’ म्हटल्याचे तिला ऐकू आले, आणि तेच बाईचे नाव समजून ती पुस्तकावर लिहू लागली. बाई बिचारी ‘हाउ मच इज इट?’ म्हणून किंमत विचारीत होती!

मात्र हसण्यावारी न्यावे असे हे प्रकरण नाही. खरी शिष्ट भाषा ती इंग्लंडचीच, असे ऑस्ट्रेलियन माणसाला पुष्कळ काळ वाटत असे. ए. ए. फिलिप्स यांनी १९५० मध्ये आपल्याच संस्कृतीविषयीच्या या न्यूनगंडाला ‘कल्चरल क्रिंज’ असे नाव दिले. १९८१ मध्ये मॅक्वॉरी शब्दकोश निघाला, आणि तेथील इंग्रजीला स्वतःचा भक्कम कोश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गावाकडचे ‘व्हय’ वर्गात तोंडून निघाले की मागच्या बाकांवर हशा पिकतो. त्यामुळे मला ते १९८१ साल फार मोलाचे वाटते.

पाहुण्याने हे शब्द समजून घ्यावेत. वापरण्याची घाई करू नये. ‘मेट’ हा शब्द मित्राला, अनोळख्याला, क्वचित रागातही वापरतात, अर्थ सुरावरून ओळखावा. २००५ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनातील रक्षकांना लोकांना ‘मेट’ म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा एवढा गदारोळ उठला की ती लगेच मागे घ्यावी लागली. ‘माय शाउट’ म्हणजे या खेपेचे पैसे माझे. पुढची खेप आपली, हे ध्यानात ठेवून बसावे. आणि ‘श्रिम्प ऑन द बार्बी’ हे वाक्य तर मुळीच बोलू नये. ते १९८४ च्या सुमारास अमेरिकन प्रवाशांसाठी केलेल्या जाहिरातीतून पसरले. ऑस्ट्रेलियन माणूस कोळंबीला ‘प्रॉन’च म्हणतो.