कुणाचा नेम कुणाशी लावायचा

आपल्याकडे आर्चरीच्या स्पर्धेत गट पडतात ते जन्माच्या दाखल्यावरून. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील; बाकी ठिकाणी सब-ज्युनिअर, ज्युनिअर, सीनिअर. संघ निवडायचा असेल तर त्यात काही गैर नाही, तिथे सगळ्यात चांगले चार जण हवे असतात आणि बाकीच्यांचं काय होतं हा प्रश्नच नसतो. पण क्लबांच्या खुल्या स्पर्धा वेगळ्या. पहाटेच्या एसटीने, कुणाच्या तरी टेम्पोत किट टाकून पोरं येतात. पहिले तीन नंबर कुणाचे हे नोंदणीच्या टेबलापाशीच सगळ्यांना कळलेलं असतं. उरलेली पोरं प्रवेश फी भरून टाळ्या वाजवायला आल्यासारखी दिवसभर बाण मारतात आणि पुढच्या वर्षी त्यातली निम्मी दिसत नाहीत. सातारा भागात अशा स्पर्धा भरवता भरवता आम्ही कौशल्यावर वर्ग पाडायला लागलो. त्यात जे हाती लागलं ते भरवणाऱ्यांसाठी आणि पालकांसाठीही लिहून ठेवतो.

१. दाखला वय सांगतो, नेम सांगत नाही

आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी जुलै २०२३मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकला १८ वर्षांखालील जगज्जेती झाली आणि ऑगस्टमध्ये बर्लिनला सीनिअरांची. वय १७. ती तालुक्याच्या एखाद्या स्पर्धेत १९ वर्षांखालील गटात उतरली असती, तर नियमाने सगळं बरोबर होतं आणि स्पर्धा म्हणून काहीच उरलं नसतं. हे झालं वरचं टोक. खालचं टोक आम्ही दरवर्षी बघतो. चाळिशी उलटल्यावर हौसेने धनुष्य हाती घेतलेले एखादे बँकेतले साहेब ‘सीनिअर’ म्हणून राष्ट्रीय खेळाडूंच्या ओळीत उभे राहतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे गटच नाही. वयाचे गट काढून टाका असं मी म्हणत नाही. लहान मुलांच्या खांद्यांची काळजी घ्यायला ते लागतातच. नेमाचं माप म्हणून मात्र ते वापरू नका.

२. आधी धनुष्य, मग कौशल्य

कंपाऊंडला कप्प्या असतात. दोरी पूर्ण ओढल्यावर बराचसा ताण उतरतो, साइटला भिंग असतं आणि दोरी सोडायला रिलीज असतो. रिकर्व्हवाला सगळा ताण बोटांवर पेलतो आणि त्याच्या साइटला भिंग नसतं. इंडियन राउंडचं पोरगं तर बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य घेऊन, साइटशिवाय उभं असतं. नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनच्याच अंतिम लढतीत १५ बाणांत १५० पैकी १५० मारले. कंपाऊंडमध्ये त्या पातळीला एक नऊ लागला तरी सोनं जाऊ शकतं. समोरच्याचे १४९ होते. हा हिशोब रिकर्व्हला लावता येत नाही आणि बांबूच्या धनुष्याला तर नाहीच.

त्यातून निघणारी दुसरी गोष्ट जास्त भांडणं लावते. वर्ग माणसाला चिकटत नाही, धनुष्याला चिकटतो. इंडियन राउंडला पहिला येणाऱ्या पोराला घरच्यांनी कर्ज काढून रिकर्व्ह घेऊन दिलं की त्यांची अपेक्षा असते, सरांनी याला वरच्याच वर्गात घालावं. नवीन धनुष्यावर तो नवशिका आहे हे पटवताना चहाचे दोन-तीन कप संपतात. ब्रिटनमध्ये तिरंदाजांच्या दर्जाच्या नऊ पायऱ्या आहेत. तिथेही प्रत्येक प्रकारच्या धनुष्याची पायरी वेगळी चढावी लागते.

३. वरच्या पायऱ्या अरुंद ठेवा

पहिल्यांदा वर्ग पाडणारा प्रत्येक जण गुणांचे सारखे तुकडे करतो. दिसायला छान दिसतं, पण ते चूक आहे. ३६ बाणांना ३६० गुण. बाणामागे सरासरी ६ असलेल्या पोराला ७ वर न्यायचं तर ३६ गुण वाढवावे लागतात आणि नीट उभं राहायला, हनुवटीखाली हात एका जागी आणायला शिकलं की एका हंगामात ते होतं. सरासरी ९ वरून ९.३ वर जायचं तर गुण फक्त अकरा आणि त्यासाठी कित्येकांची वर्षं जातात. म्हणून खाली ४० गुणांचा एक वर्ग चालेल, वर १५ गुणांतसुद्धा दोन वेगळी माणसं बसतात. जागतिक महासंघाचे १४४० गुणांच्या राउंडचे स्टार बिल्ले पाहा: १०००, ११००, १२००, १३००, मग १३५० आणि १४००. शंभरा-शंभराच्या उड्या शेवटी पन्नाशीवर येतात, त्या उगाच नाही.

४. वर्ग कागदावर नको, मैदानावर पाडा

हा सगळ्यात मोठा धडा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अर्जावर ‘तुमचा सर्वोत्तम स्कोअर’ असा रकाना ठेवला की दोन प्रकारचे अर्ज येतात. काहींनी घराच्या मागच्या गवतात, वारा नसताना, स्वतःच मोजून मारलेला आकडा लिहिलेला असतो. काहींनी मुद्दाम पन्नास कमी. पहिल्या प्रकाराला फुशारकी म्हणता येईल, दुसऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. दोन्ही आकडे तपासायला आपल्याकडे काही साधन नाही. ब्रिटनमध्ये दर्जाच्या वरच्या पायऱ्या फक्त मान्यताप्राप्त, पंच हजर असलेल्या स्पर्धांतल्याच गुणांवर देतात. आपल्या तालुक्यात तेवढ्या स्पर्धा होत नाहीत.

अमेरिकेत लास व्हेगासला दरवर्षी मोठी इनडोअर स्पर्धा होते, रोज ३० बाण, तीन दिवस. तिथे हौशी खेळाडूंचे गट पहिल्या दोन दिवसांच्या गुणांवरून पाडतात. ही कल्पना आम्ही एका दिवसात बसवली. सकाळी सगळे ३६ बाण मारतात. जेवणाच्या सुट्टीत गुणांची उतरती यादी लावायची आणि तीत रेघा मारायच्या. दुपारचे ३६ बाण आपापल्या वर्गात, शून्यापासून.

रेघ कुठे मारायची हे आधी ठरवू नका. यादी समोर घेऊन बसा. समजा ओळीने २९१, २८९, २८८ आणि मग एकदम २७१ आले. तर दरी तिथे आहे, रेघही तिथेच. गोल आकड्याचा मोह आवरा. ‘२८० च्या वर अ’ असं म्हटलं की २७९ वाल्याचा बाप टेबलापाशी येतो. दरीत मारलेल्या रेघेवर फारसं कुणी भांडत नाही, कारण रेघेजवळ कुणी उभंच नसतं. वर्गात आठाच्या आत माणसं ठेवू नका. तिघांच्या वर्गात तिघांनाही पदक, असल्या पदकाला पोरंच हसतात.

५. खालच्या वर्गात पहिला येण्याची गोडी

सकाळी वर्ग पडतात म्हटल्यावर सकाळी कमी मारायची बुद्धी कुणाला तरी सुचणारच. एकाची शीट अजून डोळ्यापुढे आहे. पहिल्या पाच एंडमध्ये, म्हणजे सहा-सहा बाणांच्या फेऱ्यांत, नऊ, नऊ, आठ, दहा अशी शिस्तीत चाललेली. सहाव्या एंडला तीन बाण पिवळ्यात एकमेकांना खेटून आणि तीन पांढऱ्यात, तेही एकाच बाजूला. मी टार्गेटपाशी गेलो तर पांढऱ्यातले तिन्ही बाणही एकमेकांपासून वीतभर अंतरात. थकलेल्या हाताचे बाण असे एका जागी जात नाहीत. “हात भरून आला सर,” पोरगा म्हणाला. मागून वडील म्हणाले, “त्याला ब मध्येच राहू द्या की, काय बिघडतंय!” बिघडतं ते ब मधल्या पोरांचं, जी खरोखर तेवढंच मारतात.

उपाय तीन केले. रेघा आधी जाहीर करत नसल्यामुळे किती कमी मारायचं हेच कळत नाही. दुसरं, दुपारचा स्कोअर सकाळपेक्षा वीसच्या वर वाढला तर बक्षिसासाठी नाव वरच्या वर्गात धरायचं. इथे एक सांभाळा: सकाळी वारा असेल आणि दुपारी पडला असेल तर सगळ्यांचेच गुण वाढतात. आधी सगळ्या मैदानाची सरासरी किती हलली ते काढायचं, ती वजा करायची आणि मग वीस मोजायचे. खरोखर सकाळ वाईट गेलेलं पोरगंही असतं, कुणाच्या बाणाचा नॉक तुटतो, कुणाला उलटी होते. म्हणून शेवटचा शब्द पंचाचा. पंच शीट बघतो: वाईट दिवस साऱ्या शीटभर पसरलेला असतो, लबाडी शेवटच्या एंडला दिसते.

तिसरा उपाय उशिरा सुचला आणि तोच सगळ्यात चालला. रोख बक्षीस फक्त सगळ्यात वरच्या वर्गाला. खालच्या वर्गात जिंकणाऱ्याला पदक आणि पुढच्या स्पर्धेची प्रवेश फी माफ, तीही वरच्या वर्गात खेळला तरच. अमेरिकेतल्या थ्रीडी स्पर्धांत, जिथे फोमच्या प्राण्यांवर नेम धरतात, ठरावीक रकमेची बक्षिसं जिंकली की वर जावंच लागतं. आमच्याकडे रकमाच एवढ्या नाहीत, त्यामुळे फी माफीवर भागलं.

६. मुलं-मुली एकत्र चालतात

पॅरिस ऑलिंपिकच्या रँकिंग राउंडला पुरुषांत अव्वल किम वू-जिन, ६८६. महिलांत अव्वल लिम सी-ह्यॉन, ६९४, विश्वविक्रम. अंतर तेच ७० मीटर, टार्गेट तेच १२२ सेंटिमीटरचं, बाण तेवढेच ७२. गुणांवर वर्ग पाडलेत तर मुलींचा वेगळा वर्ग कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. एकूण विजेतेपद हवं तर दोन ठेवा.

७. नवशिक्याला अंतर कमी द्या

हलक्या पाउंडेजचं धनुष्य घेऊन आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला लांबच्या टार्गेटपुढे उभं केलं की साइट पार खाली जाते, बाण आभाळाकडे, आणि प्रत्येक एंडनंतर सगळी स्पर्धा गवतात बाण शोधत बसते. त्याच्या शीटवरचे एम, म्हणजे हुकलेले बाण, कौशल्याबद्दल काहीच सांगत नाहीत, फक्त धनुष्याचा ताण सांगतात. त्याला ३० मीटर द्या. मग वेगवेगळ्या अंतरांची तुलना कशी करायची? ब्रिटिशांची हँडिकॅपची कोष्टकं यासाठीच आहेत: कुठल्या अंतरावर किती गुण म्हणजे कोणता हँडिकॅप, आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला. इंटरनेटवर ती फुकट मिळतात. आमच्याकडे दहावीतली एक मुलगी ती मोबाइलवर बघून यादी लावते, आम्ही मोठी माणसं चष्मे पुसत बसतो.

८. गुण म्हणजे अख्खा खेळाडू नव्हे

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोत रँकिंग राउंडला ६५६ गुणांवर ३१ वा आला. पहिल्याच लढतीत त्याने गाल्सान बाझारझापोव्हला ६-० हरवलं. बाझारझापोव्ह तेव्हा जागतिक क्रमवारीत दुसरा होता. पुढच्या लढतीत ब्रॅडी एलिसनकडून प्रवीण ०-६ हरला. एकाच दिवसात दोन्ही टोकं. रिकर्व्हची लढत तीन-तीन बाणांच्या सेटवर चालते, सेटचे सहा गुण आधी करील तो जिंकतो. तिथे ७२ बाणांचा हिशोब मागे पडतो. म्हणून वेळ असेल तर प्रत्येक वर्गात दुपारनंतर वरच्या चौघांच्या तरी लढती लावा. क वर्गातल्या पोराला, एकटा उभा राहून, मागे सगळं मैदान गप्प असताना बाण मारायचा प्रसंग एरवी कधी येणार?

९. नावं आणि प्रमाणपत्रं

अ, ब, क म्हटलं की क मधल्यांची तोंडं पडतात. म्हणून एका वर्षी कृष्णा, वेण्णा आणि उरमोडी अशी नद्यांची नावं दिली. जेवणाच्या सुट्टीतच एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, “मी उरमोडीत वाहून गेलो.” आता परत अ, ब, क आहे. प्रमाणपत्रावर मात्र वर्ग आणि गुण दोन्ही छापा. नुसतं ‘प्रथम क्रमांक’ छापलं की क चं प्रमाणपत्र कुठे कुठे अ म्हणून फिरेल सांगता येत नाही.

भरवणाऱ्यांना एक विनंती. स्पर्धा झाली की निकालाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून स्कोअरशीट रद्दीत घालू नका. बाणागणिक गुण असलेली ती शीट तारीख, अंतर आणि धनुष्याचा प्रकार लिहून फाइलला लावा, आणि शेजारच्या क्लबने मागितली तर झेरॉक्स द्या. दोन-तीन तालुक्यांच्या शीट एकत्र आल्या, तर पुढच्या हंगामात वर्ग पाडायला सकाळचे ३६ बाण खर्ची घालावे लागणार नाहीत.