मस्कतला जाते आहेस, तर थोडं ऐक

अगं, तुझी तिकिटं झाल्याचं कळलं आणि पाठोपाठ तुझी यादीही आली. आत्यासाठी शाल, शेजारच्या काकूंसाठी पर्स, ऑफिसातल्या नऊ जणांसाठी किचेन, भाच्यांसाठी उंट. यादी वाचली आणि मला माझी ओमानची पहिली सहल आठवली. फोनवर या गोष्टी घाईत राहून जातात, म्हणून लिहायला बसले.

मत्राहचा बाजार तू बघशीलच. बंदरासमोर समुद्राकाठचा रस्ता आहे, तिथूनच आत शिरायचं. वर छत, खाली अरुंद गल्ल्या. ऊन आत पोचायचं नाही म्हणून जुनी माणसं त्याला अंधाराचा बाजार म्हणत. मी तिथे तीन तास फिरले आणि आईसाठी गडद हिरवी शाल घेतली. भाव पाडून घेतली, म्हणून खूशही होते. घरी आईनं घडी उलगडली, काठाला शिवलेली बारकी पट्टी दिसली, ती तिनं बोटानं सरळ केली. ‘मेड इन इंडिया.’ आई एवढंच म्हणाली, “मऊ आहे गं,” आणि शाल कपाटात ठेवली. मला ते फार लागलं. शाल चांगलीच होती. पण त्या मुलखात काय पिकतं, तिथली माणसं हातानं काय घडवतात, असं आईनं विचारलं असतं, तर मला दोन वाक्यंही सांगता आली नसती.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. दुकानात भाव विचारण्याआधी “हे कुठे बनलंय?” असं विचार. हिंदीत विचारलंस तरी चालेल, कारण काउंटरमागचा माणूस बऱ्याचदा आपल्याकडचा किंवा बांगलादेशचा असतो. सरळ विचारलं की बहुतेक जण सरळ सांगतात. पितळी दिवे, काश्मिरी शाली, आरसे लावलेल्या पिशव्या यांतलं पुष्कळसं आपल्याकडूनच गेलेलं असतं. त्यात फसवणूक नाही. कच्छचे भाटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मस्कतला आहेत, आणि 1970 पर्यंत ओमानात रुपयाच चालत होता. 1959 पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. आजही त्यांच्या रियालच्या सुट्ट्या नाण्याचं नाव ‘बैसा’ आहे, म्हणजे आपला पैसाच. पण इथेच जपायचं. एका रियालचे बैसे हजार, आणि एक रियाल म्हणजे दोनशेहून जास्त रुपये. “फक्त पाच रियाल” ऐकायला किती हलकं वाटतं! दर वेळी मनात गुणाकार कर, मगच पर्समध्ये हात घाल.

आता काय घ्यायचं? मला विचारशील तर सगळ्यात आधी लोबान. त्याचं झाड दक्षिणेकडच्या धोफारमध्ये, सलालाहच्या आसपास होतं. सालीला चीर देतात, दुधासारखा चीक पाझरतो, तो तिथेच वाळून खडा होतो आणि मग खरवडून काढतात. हजारो वर्षं हा माल तिथून उंटांवरून आणि जहाजांतून जगभर गेला. 2000 साली युनेस्कोनं तिथली झाडं आणि जुनी बंदरं जागतिक वारशात घेतली ती त्यासाठीच. सगळ्यात चांगल्या प्रतीला होजरी म्हणतात. पावसाळी ढग जिथे पोचत नाहीत, त्या डोंगरापलीकडच्या कोरड्या भागातली ती झाडं.

दुकानात पोती, टोपल्या भरून ठेवलेल्या असतात. घाई करू नकोस. एक खडा तळहातावर घे आणि उजेडाकडे धर. चांगला खडा पांढुरका, हिरवट झाक असलेला असतो, आणि त्यातून उजेड आरपार येतो. तपकिरी, माती चिकटलेला असेल तर तो हलक्या प्रतीचा. बोटांत चोळ, लिंबाच्या सालीसारखा ताजा वास येईल. दुकानदाराला निखाऱ्यावर एक खडा टाकून दाखवायला सांग, ते आनंदानं दाखवतात. आणि शब्दाचा घोळ करू नकोस. आपण ज्या राळेला ऊद म्हणतो, तिची धुरी बाळाला आणि बाळंतिणीला देतो. अरबीत ‘ऊद’ म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड. ते फार महाग, आणि ते ओमानात होतही नाही, आसामसारख्या भागांतून येतं. तुला हवा तो ‘लुबान’. तोच शब्द म्हण. बरोबर चटकन पेटणाऱ्या कोळशाच्या गोल वड्या विकायला असतात, त्या घेऊ नकोस. विमानात त्या चालत नाहीत. आपल्याकडचा साधा निखारा पुरतो.

चांदी घ्यायची असेल तर निजवाला जा. मस्कतपासून गाडीनं दीडेक तासाचा रस्ता. किल्ल्याला लागूनच बाजार आहे. तिथे हिर्झ बघ, गळ्यात घालायची चांदीची डबी, आत पवित्र वचन ठेवतात. आपल्या ताइतासारखीच. चांदी वजनावर घ्यायची असते, म्हणून आधी वजन करून माग आणि मजुरी वेगळी विचार. तिथे तुला एक मोठं जाड चांदीचं नाणंही दाखवतील. त्यावर एका राणीचा मुखवटा आणि 1780 हे साल. ती ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. ती त्या वर्षी वारली, आणि पुढे कधीही पाडलं तरी नाण्यावर साल तेच राहिलं. अरबस्तानात ही नाणी इतकी चालायची, की सोनार तीच वितळवून दागिने घडवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ती पाडली आहेत. तेव्हा “अडीचशे वर्षांचं आहे” असं कुणी म्हटलं तर त्या हिशेबानं पैसे मोजू नकोस. चांदीच्या भावात मिळालं तर मात्र जरूर घे. तळहातावर मावणारी आणि तरी इतकी मोठी गोष्ट सांगणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

खंजर बघून भुलशील. त्यांच्या झेंड्यावरही तो आहे आणि कारागिरी खरंच देखणी असते. पण पातं ते पातं. केबिन बॅगेत मुळीच चालणार नाही, आणि कस्टममध्येही प्रश्न विचारले जातात. भावोजींना हवाच असेल तर त्याच आकाराची चांदीची पिन घे. सोन्याचं म्हणशील, तर दागिने आणताना मिळणारी करसवलत परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या सहलीला ती लागू नाही. पोवळ्याचे तुकडे आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू कुणी दाखवल्या तर हातही लावू नकोस. याच किनाऱ्यावर, रास अल जिन्झला, कासविणी रात्री अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला जी माणसं कासवांची पिल्लं जपतात, त्यांची तरी आठवण ठेव.

खायचं न्यायचं तर हलवा आणि खजूर. साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी घालून हलवा मोठ्या तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास घोटतात. आपल्या कराची हलव्याहून मऊ, चमच्यानं खायचा. काही हलवेवाले त्यात अंडंही घालतात, म्हणून आत्याकडे न्यायच्या आधी विचारून घे. खजूर खलास जातीचा घे, आणि तो सुपरमार्केटमधून. तिथे तो स्वस्त आणि ताजा असतो. दोन्ही चेक-इन बॅगेत टाक.

घासाघीस कर, पण दोन वेळाच. हसून “गाली” म्हण, म्हणजे महाग. नाही जमलं तर “शुक्रान” म्हणून निघ. आणि ज्या टोपीवर एखाद्या बाईनं महिने घालवून सुईनं बारीक बारीक भोकं भरली आहेत, त्या हातानं भरलेल्या टोपीचा, म्हणजे कुम्म्याचा, भाव पाडू नकोस गं. मशीनची टोपी शेजारीच असते. दोन्ही हातात धरून टाके बघ, तुला लगेच कळेल. कुणी कहवा दिला तर उजव्या हातानं घे आणि पुरे झाला की कप हलकेच हलव. नाहीतर ते भरतच राहतात.

ऑफिसच्या नऊ किचेनचं काय करायचं? ती यादीतून काढून टाक. खजुराचा एक मोठा डबा टेबलावर ठेव, सगळ्यांचं तोंड गोड होईल. काकूंना पर्सऐवजी लोबानाची छोटी पुडी दे, त्या रोज संध्याकाळी धूप घालतात. वस्तू कमी झाल्या म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलंच तर माझं नाव सांग.

शुक्रवारी सकाळी मत्राहला जाऊ नकोस, त्या दिवशी दुकानं संध्याकाळीच उघडतात. त्याऐवजी पहाटे उठून निजवाचा शेळ्यांचा बाजार गाठ, तो शुक्रवारीच भरतो. आणि माझ्यासाठी काही आणायचंच असेल, तर सव्वाशे ग्रॅम होजरी आण. आईच्या देवघरातला डबा संपत आलाय.