मिटलेल्या तोंडाची किंमत

वयाच्या ३६व्या वर्षी, ज्या वयात माणूस मुलांच्या शाळाप्रवेशाची आणि घरकर्जाच्या हप्त्यांची विवंचना करीत असतो, त्या वयात माझे सर्व दात काढून तेथे कवळी बसवावी लागली. मी पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका शाळेत मराठी शिकवतो, आणि शुद्ध उच्चार हीच माझी उपजीविका आहे. या घटनेला आता सहा वर्षे लोटली. तेव्हा जे कोणापाशी बोलण्याचे धैर्य मला झाले नाही ते आज लिहितो आहे, कारण माझ्या वाटेने निघालेल्या एखाद्या तरुण स्त्रीला वा पुरुषाला वेळीच थांबवता आले, तर माझ्या दुःखाचा काही उपयोग झाला असे मला वाटेल.

प्रारंभ अगदी क्षुल्लक होता. दात घासताना रक्त येई आणि मी ते उष्णतेवर ढकली. दाढ हलू लागली तेव्हा लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून आजचे उद्यावर लोटले. हिरड्यांचा हा विकार बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच तो दातांखालचे हाड निमूटपणे खात राहतो. दोन वर्षांनी दंतवैद्याकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्याच वेळी केलेल्या रक्ततपासणीत मधुमेहही निघाला. मधुमेहाने हिरड्यांचा दाह वाढतो आणि त्या दाहाने रक्तातील साखर आवरेनाशी होते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखू वापरणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे, कारण तंबाखूमुळे रक्त कमी येते आणि आतला रोग झाकला जातो.

कवळी बसली त्या दिवसापासून मी दुसरी चूक आरंभली. दंत्य म्हणून जे वर्ण मी मुलांना शिकवीत असे, ते त, थ, द, ध आणि स, तसेच ‘चाक’, ‘जागा’, ‘झाड’ यांतील मराठीचे खास उच्चार माझ्याच जिभेवर अडखळू लागले. तेव्हा मी वर्गात मोठ्याने वाचणे सोडले, लग्नाच्या पंगती टाळल्या, हुरड्याच्या बेताला काही ना काही सबब सांगितली आणि हसताना तोंडावर हात धरण्याची सवय लावून घेतली. पत्नीसमोर रिकामे तोंड दिसू नये म्हणून रात्रीही कवळी काढली नाही. परिणामी टाळू लालभडक होऊन जंतुसंसर्ग झाला. त्या रात्री तिने झाकणाचा एक लहानसा डबा पाण्याने भरून माझ्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, “अहो, यात ठेवत जा. डॉक्टरांनी तेच सांगितले होते ना?” एवढेच. ज्याच्यासाठी मी चार महिने जागलो, त्या गुपिताचा घरात कोणालाच भार नव्हता.

मग एके दिवशी दंत्य वर्णांचाच पाठ निघाला, तेव्हा मी मुलांना सरळ सांगितले की माझे दात कृत्रिम आहेत आणि हे वर्ण मी पुन्हा शिकतो आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पहिला दात २४व्या वर्षी काढावा लागला आणि १७८९ साली शपथ घेताना त्यांच्या मुखात स्वतःचा एकच दात उरला होता, हेही सांगितले. वर्ग हसला नाही. तास संपल्यावर एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, माझ्या मावशीलाही कवळी आहे. पण ती कोणाला सांगत नाही.”

त्या अनोळखी मावशींसाठी, आणि त्यांच्यासारख्या सर्वांसाठी, चार गोष्टी सांगतो. दात गेल्याचा शोक करावा; तो शरीराच्या एका भागाचा वियोग आहे, आणि त्याला अहंकार म्हणून हिणवू नये. परंतु पहिल्याच आठवड्यात एका तरी जिवलग माणसापाशी कबुली द्यावी. आरंभी लाळ फार सुटते आणि तोंड परक्याचे वाटते. ते काही आठवड्यांत निवळते. रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचावा. माझी जीभ त्यानेच वळणावर आली. प्रथम मऊ भात, मुगाची खिचडी, मग दुधात कुस्करलेली भाकरी, असे क्रमाने जावे आणि घास दोन्ही बाजूंनी चावावा. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो. दात काढल्यावर, विशेषतः पहिल्या वर्षी, जबड्याचे हाड झिजते आणि कवळी सैल होते. तेव्हा बाजारातील चिकटद्रव्यावर वर्षे न काढता ती दंतवैद्याकडून नीट करून घ्यावी. तरुण माणसाला कवळीसह अनेक दशके काढायची असतात. म्हणून एखादे मूळ राखता येईल काय, हाडात रोपण करून आधार देता येईल काय, हे दात काढण्यापूर्वीच विचारावे. खर्चाची अडचण असेल तर धनकवडीचे भारती विद्यापीठाचे किंवा आझम कॅम्पसमधील रंगूनवाला यांसारख्या दंत महाविद्यालयांत चौकशी करण्यास संकोचू नये. अशा ठिकाणी खर्च बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

प्रथम मी दंतवैद्यासमोर तोंड उघडले नाही, म्हणून दात गेले. नंतर माणसांसमोर उघडले नाही, म्हणून माणसे जाऊ लागली होती. आज सकाळी दात घासताना ज्यांना रक्त दिसले असेल, त्यांनी कृपा करून हा आठवडा संपण्यापूर्वी दंतवैद्याला दाखवावे.